रेघेखाली गेलेले घर

मी शिळा बोलते आहे. चिंचखोरे गावात, गारगोटीकडे जाणारा रस्ता जिथे वळतो तिथे, जुन्या चावडीच्या कोपऱ्यावर मी उभी आहे. अंगावर मजकूर फार नाही. 'सन १९४६ च्या महापुरात पाणी या रेघेपर्यंत आले. त्यात गेलेल्यांच्या स्मरणार्थ.' या दोन वाक्यांखाली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, छिन्नीने खोल घेतलेली आडवी रेघ आहे. मजकूर पुसला तरी चालेल. माझा जीव त्या रेघेत आहे.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करते. तो पूर मी पाहिलेला नाही. पूर आला तेव्हा संस्थानाचा अंमल होता आणि मी डोंगरातल्या खाणीत नुसता काळा पाषाण होते. म्हणून या निवेदनात जे मी पाहिले ते पाहिलेले म्हणून सांगेन, आणि जे ऐकले ते ऐकलेले म्हणून. दोन्हींची सरमिसळ झाली की काय होते, हे मी अंगावर भोगले आहे.

माझा जन्म १९६३ सालचा. गावात एक स्मारक समिती निघाली आणि आपल्या इतिहासाच्या खुणा दगडांवर कोरून ठेवाव्यात असे तिने ठरवले. बाजाराच्या विहिरीवर एक शिळा बसली: अमुक सरदाराने येथे घोड्यांना पाणी पाजले. ती विहीर सरदार वारल्यावर खोदली गेली हे गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला ठाऊक होते, पण सरदाराचे वंशज समितीवर होते. तालमीच्या दारावर एक शिळा बसली, वेशीजवळ एक बसली. माझ्या त्या भावंडांना जागेची फिकीर नव्हती. विहिरीवरची शिळा उचलून तालमीत नेली असती तरी तिच्या खरेखोटेपणात काडीचा फरक पडला नसता.

माझे तसे नव्हते. हायस्कूलचे जोतीराम मास्तर समितीत होते. बोलायला रुक्ष, पण हाताने काटेकोर. चावडीच्या पांढऱ्या भिंतीवर पुराच्या गाळाचा तपकिरी डाग तेव्हा शाबूत होता. डागाच्या वरच्या कडेला दोरी लावून मास्तरांनी ती माझ्यापर्यंत ताणली आणि दोरीखाली पाथरवटाला रेघ मारायला लावली. मग माझ्या पायाशी चुना-वाळू ठोकून घेत ते म्हणाले, "ही मूर्ती नव्हे, माप आहे. मूर्ती कुठंही बसवा. माप हलवायचं नसतं." भोवतालच्यांनी माना डोलावल्या. माना डोलावणे आणि ऐकणे यांत किती अंतर असते, ते तेव्हा मला कळत नव्हते.

पहिली पंधरा वर्षे बरी गेली. लोकांनी माझा उपयोग आपापल्या सोयीने केला. एस.टी.ची वाट पाहणारे मला पाठ टेकत, मुले माझ्या माथ्यावर चिंचा फोडत. आणि ऊन असले की अमीरबी आपल्या नव्या गाद्या वाळवायला माझ्यावर टाकी.

अमीरबीची ओळख करून दिली पाहिजे, कारण ही हकिगत माझ्याइतकीच तिची आहे. माझ्यासमोरून एक बोळ चढावर जातो. त्याला टेकाची गल्ली म्हणतात. बोळाच्या तोंडाशीच तिचे घर. समोर दगडी पायऱ्या तीन, वर उंबरा. घर पिंजाऱ्यांचे. तिचा नवरा इमाम धनुकलीवर कापूस पिंजायचा, ती गाद्या शिवायची. इमाम गेल्यावर धनुकली भिंतीला टांगली गेली, पण शिवण चालू राहिले. सकाळी दार उघडले की ती आधी तिसऱ्या पायरीवर बसून चहा पिई. माझ्या जागेवरून मला तिच्या त्या तीन पायऱ्या स्वच्छ दिसतात. एवढे मी पाहिलेले.

आता ऐकलेले. पुरात खालचे गाव बुडाले तेव्हा माणसे जीव घेऊन टेकाकडे धावली आणि पहिले घर लागले ते अमीरबीचे. पाणी पायऱ्यांशी येऊन थांबले. घरात आणि परसात मिळून निम्मी पेठ बसली होती. गाद्यांसाठी आणलेला कापूस इमामने सगळाच्या सगळा सोडला आणि भिजलेल्यांच्या अंगावर टाकला. त्या गर्दीत एक दिवस भरलेली बाईही होती, झुंबरबाई. पोराला तिथेच जन्म देऊन मोकळी झाली. हे सारे मी अमीरबीच्या तोंडून कधीच ऐकले नाही. मला पाठ टेकून बसलेल्या म्हाताऱ्यांनी ते अनेकदा सांगितले, आणि दर वेळी सारखेच सांगितले. सारखेपणावर माझा तेव्हा विश्वास होता.

झुंबरबाईच्या त्या पोराचे नाव हंबीरराव. १९७८ साली तो सरपंच झाला. माणूस वाईट नव्हता. उत्साही होता, आणि उत्साही माणसाला मोकळी जागा दिसली की तिथे काहीतरी बांधावेसे वाटते. जुनी चावडी आधीच पाडून तिथे ग्रामपंचायतीची नवी इमारत उठली होती. गाळाचा डाग भिंतीसकट गेला होता. जोतीराम मास्तरही तोवर वारले होते. पुराची गावात उरलेली खूण म्हणजे एकटी मी. अशात जिल्ह्यातले कोणी थोर पाहुणे गावाला भेट देणार असे ठरले, आणि हंबीररावांची नजर माझ्यावर गेली.

"असा मानाचा दगड, आन् जिमिनीत रुतल्यागत?" ते म्हणाले. "कुत्री तंगडी वर करत्यात त्याच्यावर. गुंडू, चौथरा बांध. चांगला झोकात हूं दे!"

गुंडू गवंड्याने मला मुळासकट काढले, त्याच जागी अडीच फुटांचा चौथरा बांधला आणि मला त्याच्या डोक्यावर बसवले. भोवती साखळ्या आल्या, अक्षरांत सोनेरी रंग भरला. नारळ फुटला. पाहुण्यांनी माझी रेघ पाहायला मान वर केली आणि ते उद्गारले, "बाप रे! एवढा पूर?" हंबीररावांची छाती फुगली. "एवढा, साहेब. आमच्या गावाचा पूर म्हंजे पूर!"

त्या क्षणी मला ओरडावेसे वाटले. रेघ तीच, अक्षरे तीच, आणि वाक्य खोटे झाले होते. कोणी दुष्टाव्याने केले नव्हते, हेच अधिक वाईट. दुष्टाव्याला निदान कोणी हटकतो. मला आदराने खोटे केले गेले होते आणि आदराला हटकायला कोणी धजत नाही. तेव्हापासून मला स्वस्थता म्हणून नाही. दगडाला येरझाऱ्या घालता येत नाहीत. अस्वस्थ दगड नुसता तापतो आणि निवतो.

पुढे जे झाले त्याची मी अपेक्षा केली नव्हती. माझ्याबरोबर लोकांच्या आठवणीही वर चढू लागल्या. जे म्हातारे "पेठेत कमरंएवढं पाणी हुतं" म्हणत, ते साखळीला टेकून, माझ्याकडे मान वर करून "छातीएवढं" म्हणू लागले. चार पावसाळ्यांत पाणी गळ्यापर्यंत आले. ही माणसे खोटारडी नव्हती. समोर दगडावर कोरलेले दिसत असताना आपल्या मनातल्या ओल्या, पुसट गोष्टीवर कोण भरवसा ठेवणार? सारखेपणावरचा माझा विश्वास तेव्हा उडाला. सगळे सारखेच सांगत होते. फक्त आता सगळे सारखेच चुकत होते.

हंबीररावांच्या जन्माची जागाही अशीच सरकली. निवडणुकीच्या सभेत कोणी भाषणाच्या भरात म्हणाले, सरपंच भर पुरात नदीकाठच्या मारुतीच्या देवळात जन्मले. ऐकायला ते भारदस्त वाटले. हंबीररावांनी दुरुस्ती केली नाही. दुसऱ्या निवडणुकीत त्यांनी ते स्वतःच सांगितले, आणि माझी खात्री आहे की तोवर त्यांना ते खरेच वाटत होते.

अमीरबीने या सगळ्यावर अवाक्षर काढले नाही. तिचे एवढेच झाले की साखळ्यांमुळे माझ्यावर गाद्या टाकता येईनात. ती परसात दोरी बांधून गाद्या वाळवू लागली.

मग १९८३ आले. त्या पावसाळ्यात नदी पात्राबाहेर पडून परत गेली, नुकसान फारसे झाले नाही, पण वरून हुकूम आला: पूररेषेखालची घरे हलवून वरच्या गायरानात वसवायची. दिवाळी उलटल्यावर तालुक्याहून एक तरुण ओव्हरसियर मोजणीचे साहित्य घेऊन आले. गावात पुराची खूण कोणती, त्यांनी विचारले. सगळ्यांनी एकमुखाने माझ्याकडे बोट केले.

त्यांनी माझी रेघ प्रमाण मानली आणि ते घराघरांवर गेरूने तांबडे पट्टे ओढत गेले. खालच्या पेठेवर पट्टे कौलांच्या जवळ आले. टेकाच्या गल्लीत तोंडाशीच असलेल्या घरात पट्टा आला, तो पायऱ्यांच्या वर, उंबऱ्याच्या वर, आत मांडणीच्या खालच्या फळीवर. ज्या घराने गावाला कोरडे ठेवले, ते घर बुडाले होते असा निर्वाळा मी देत होते.

"बाबा, माझ्या घरात पाणी न्हाय आलं," अमीरबी पायरीवरून म्हणाली. माझ्यापर्यंत आवाज स्पष्ट आला.

"आज्जी, प्रत्येक घरचं माणूस हेच सांगतं," ओव्हरसियर सौम्यपणे म्हणाले. "मी तुम्हाला खोटं म्हणत नाही. पण मी दगड वाचतो. माणसं वाचायला मला शिकवलेलं नाही."

हंबीरराव मागे उभे होते. "चाची, गायरानात नवं घर मिळतंय की! सिमेंटचं. हितं काय ठेवलंय?"

"हितं?" अमीरबी म्हणाली आणि थांबली. आता बोलेल, मला वाटले. ती तिसऱ्या पायरीकडे पाहत राहिली, मग म्हणाली, "काय न्हाय, बाळ. चालू दे तुमचं."

दुपारी शेजारची तानाबाई तिला शोधत माझ्यापाशी आली. अमीरबी चौथऱ्याच्या कडेला सावलीत बसली होती.

"तोंडात मूग धरून बसलीस व्हय गं?" तानाबाई कडाडली. "सांगायचं हुतं की त्या हंबीऱ्याला, कुणाच्या घरात ट्यॅह्यां केलास म्हणून! लई देवळात जन्मलाय!"

"नको बाई."

"का नको? घर चाललंय तुझं!"

"अडलेल्या बाळंतिणीला दिल्याली जागा," अमीरबी म्हणाली, "ती का बोलून दाखवायची आसती? दिली, झालं. आता घरासाठी त्याचा हिसाब मांडू? इमामला काय वाटंल?"

तानाबाई पुटपुटत निघून गेली. अमीरबी उठली आणि पदराने माझ्या अक्षरांवरची धूळ पुसली. मग अगदी हळू, मला उद्देशून ती जे बोलली ते मी विसरू शकत नाही.

"तू म्हणतीस तर आलंबी आसंल पाणी. एवढी समदी म्हणत्यात. माझंच डोकं फिरलं आसंल म्हातारपणी."

घर जाणार हे दुःख होतेच. पण ती मला पाहून स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवू लागली होती. तिचे घर तर मी बुडवलेच होते. आता तो दिवसही बुडवत होते, ज्या दिवशी तिने दार उघडले होते. छिन्नीचे घाव सोसताना मला इतके दुखले नव्हते.

तानाबाई मात्र नुसती पुटपुटून थांबली नव्हती. झुंबरबाई त्या दिवसांत हुपरीला लेकीकडे राहायला गेली होती. लेकीच्या घरी चांदीच्या पैंजणांचे काम चाले आणि नातवंडांकडे बघायला कोणी हवे असे. तानाबाईने कोल्हापूरच्या बाजाराला निघालेल्या माणसाबरोबर निरोप धाडला. काय धाडला ते मला ठाऊक नाही. परिणाम ठाऊक आहे.

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, म्हणजे माझ्या शेजारीच, हरकती ऐकायला गाव जमले होते. ओव्हरसियर टेबलाशी, हंबीरराव बाजूच्या खुर्चीवर. अमीरबी गर्दीच्या कडेला, हरकत न घेता, नुसती उभी. तेवढ्यात एस.टी. थांबली आणि झुंबरबाई उतरली. हातातले गाठोडे तिने सरळ टेबलावर ठेवले.

"काय रं हंबीर, अमीरबीचं घर पुरात बुडाल्यालं म्हणं?"

"आये, घरी जाऊ. हितं सरकारी काम चाललंय."

"सरकारलाच इचारतो मी. सायब, हे घर पाण्यात हुतं म्हणता. मग ह्यो तुमचा सरपंच मी कुठं जन्माला घातला? मी काय मासोळी हाय व्हय, पाण्यात बाळंत व्हायला?"

गर्दीत हसू फुटले. हंबीररावांचा चेहरा उतरला. "आये, मारुतीच्या देवळात न्हवं का..."

"देवळात?" झुंबरबाई गरकन वळली. "देवळाच्या कळसाला घागरी अडकल्यात्या त्या दिवशी! मारुतीच पोहत हुता, तुला कुठं झेलतोय? त्या घरात, चुलीच्या अंगाला झालास तू. पुसायला कोरडं फडकं न्हवतं. ह्या अमीरबीनं तुला कापसात गुंडाळला, अत्तराचा फाया गुंडाळत्यात तसा. आन् तू तिला गायरानात धाडतोस!"

माझ्याजवळ उभा असलेला एक म्हातारा खाली मान घालून म्हणाला, "व्हय. कापूस हुता. माझ्याबी अंगावर टाकल्याला." मग आणखी एक बोलला. गळ्यापर्यंत चढलेले पाणी माझ्या डोळ्यांदेखत उतरू लागले.

पण मला समाधान झाले नाही. कालपर्यंत हीच तोंडे उलटे सांगत होती. आज एका म्हातारीच्या धाकाने सुलटे सांगू लागली, तर उद्या? ओव्हरसियरांनाही बहुधा हेच वाटले. त्यांनी विचारले, "आजी, पाणी नेमकं कुठवर होतं? आठवतं?"

"न आठवायला काय झालं? खालची पायरी पाण्यात. दुसऱ्या पायरीवर बसून हिनं ह्याची दुपटी धुतली, पाणी पायरीच्या कडंला लागलं हुतं. वाकायबी लागत न्हवतं. मी उंबऱ्यातनं बघत हुतो की!"

ओव्हरसियरांनी गुंडूला हाक मारली. गवंडी सपाटी पाहायला पाणी भरलेली लांब, आरपार दिसणारी नळी वापरतात. दोन नळ्या जोडून गुंडूने एक टोक अमीरबीच्या दुसऱ्या पायरीच्या कडेशी धरायला दिले आणि दुसरे माझ्यापाशी आणले. सारा गाव श्वास रोखून पाहत होता. नळीतले पाणी वर गेले, खाली आले, थरथरले आणि स्थिर झाले. माझ्या रेघेवर नाही. माझ्या अंगावरच नाही. ते चौथऱ्याच्या दगडांत थांबले. गुंडूने तिथून माझ्या रेघेपर्यंत टेप लावला आणि कसानुसा होत म्हणाला, "अडीच फूट. चौथरा आपलाच हाय, सरपंच. जेवढा बांधला तेवढंच पाणी चढलंय."

चार माणसांच्या साक्षीपेक्षा त्या नळीतल्या पाण्यावर माझा विश्वास बसला. त्याला निवडणूक लढवायची नव्हती.

"चौथरा काढा," हंबीरराव म्हणाले.

तालमीची पोरे पुढे आली. "असं कसं? पुरात गेल्यांचा दगड हाय. मानाचा दगड खाली उतरवायचा? बाहीरची लोकं काय म्हणतील?"

हंबीरराव टेबलापाशी गेले. मग त्यांनी डोक्याचा फेटा काढून आईच्या गाठोड्यावर ठेवला, गुंडूच्या हातातली पहार घेतली आणि पहिला घाव स्वतः घातला. "मान मीच दिल्ता," ते म्हणाले. "मीच काढतो."

उतरवताना माझा खालचा एक कोपरा उडाला. तो आता जमिनीत आहे, कोणाला दिसत नाही. रेघ पुन्हा तिच्या जागी आली. गुंडूने नळी लावून खात्री केली, आणि ओव्हरसियरांनी पुन्हा एकदा केली, हे मला विशेष आवडले.

सगळे गोड झाले असे मात्र सांगता येत नाही. खऱ्या रेघेखालीही घरे होतीच. खालची पेठ उठली, तिच्याबरोबर हंबीररावांचे वडिलोपार्जित घरही उठले. झुंबरबाई गायरानात गेली, जाताना मला दोन शिव्या देऊन गेली. अमीरबीच्या मांडणीवरचा तांबडा पट्टा पुसायला ओव्हरसियर स्वतः ओला फडका घेऊन गेले होते. तिने पुसू दिला नाही, असे ऐकले. "ऱ्हाऊ द्या," म्हणाली, "कवा पुन्यांदा डोकं फिरलं तर बघायला."

त्याला दोन वर्षे झाली. साखळ्या गेल्या, सोनेरी रंग उडाला. कुत्री आपला जुना परिपाठ चालवतात. ऊन असले की अमीरबी माझ्यावर गादी टाकते आणि माझी अक्षरे, माझी रेघ, सगळे झाकून जाते. पंचायतीत कोणीतरी परवा पुन्हा म्हणाले, ऐतिहासिक दगड आहे, निदान एखादी छत्री उभारू या, थोडा पुढे, रस्त्यावरून दिसेल असा बसवू या. तेव्हापासून मी पुन्हा तापते आहे, निवते आहे.

म्हणून, वाचणाऱ्या माणसा, तुला माझी एकच विनंती आहे. मला हात जोडू नकोस, उंच करू नकोस, पुढे सरकवू नकोस. माझ्यावर कोरले आहे म्हणून मला खरी मानू नकोस. शंका आली तर बोळ चढून जा. दार उघडे असेल. दुसऱ्या पायरीच्या कडेशी नळीचे एक टोक धर, दुसरे माझ्यापाशी आण, आणि पाणी थरथरायचे थांबेपर्यंत थांब. तेवढा वेळ मीही श्वास रोखून उभी असेन.